वाचक विचारतात : उटीच्या वनस्पती उद्यानात कॅमेऱ्यासह एक दिवस

उन्हाळी सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून म्हैसूर-उटीच्या सहलीबद्दल पत्रं येतात. यंदा बरेच प्रश्न उटीच्या सरकारी वनस्पती उद्यानात फोटो कसे काढावेत यावर आहेत. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही उत्तरं आंबोली, चोर्ला, जांबोटी परिसरात फिरणाऱ्यांनाही उपयोगी पडतील.

मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण म्हैसूरला मुक्कामी आहोत. उटीच्या उद्यानासाठी एकच दिवस मिळेल. माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स आहे. दिवसाची आखणी कशी करू? – एक वाचक, खानापूर

शक्य असेल तर एक रात्र म्हैसूरऐवजी उटीत काढा, हा आमचा पहिला सल्ला. बंडीपूरच्या जंगलातून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ खासगी गाड्यांसाठी बंद असतो. म्हैसूरहून पहाटे ५ ला निघालात तर बंडीपूरच्या नाक्यावर वेळेत पोचाल, पण गुडलूरमार्गे उटी गाठेपर्यंत साडेनऊ-दहा होतील. परतताना ९ च्या आत जंगल ओलांडायचं म्हणजे उटीतून पाचच्या आत निघावं लागतं. म्हणजे तुमच्या वाट्याला उद्यानाचे जेमतेम सहा तास येतात, आणि तेही नेमके कडक उन्हाचे. उटीत राहिलात तर फाटक उघडल्या उघडल्या आत जाता येईल. त्या पहिल्या दोन तासांत पानांवर दव असतं, वारा पडलेला असतो आणि वाटेवर गर्दी नसते. मसिनगुडी-कल्हट्टीचा घाट अंतराने जवळचा आहे, पण त्याला ३६ तीव्र वळणं आहेत. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर तिकडे जाऊ नका. बंडीपूर आणि मुदुमलाईच्या हद्दीत फोटोसाठी गाडी थांबवायला मनाई आहे. हरणं अगदी रस्त्याला लागून उभी असली तरी काच खाली करून उतरू नका.

निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. ७ मे २०२४ पासून उटीला येणाऱ्या गाड्यांना ई-पास लागतो. तो ऑनलाइन काढायचा असतो आणि त्याचे नियम हंगामानुसार बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. दुसरं म्हणजे नीलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे आणि नाक्यावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतात. स्टीलच्या बाटल्या न्या. कॅमेऱ्यावर पावसात घालायला कॅरीबॅग नेण्याऐवजी जाड शिवलेलं रेनकव्हर न्या.

आता उद्यान. इंग्लंडच्या क्यू उद्यानात तयार झालेल्या विल्यम मॅकआयव्हरने १८४८ च्या सुमारास त्याची मांडणी केली. दोड्डबेट्टाच्या उतारावर सुमारे ५५ एकरांत ते पसरलं आहे आणि खालच्या भागाचीच उंची २,२०० मीटरच्या वर आहे. खाली मोठी हिरवळ आणि जुनी झाडं, त्यावर टप्प्याटप्प्याने वाफे, इटालियन बाग, काचघर, नेच्यांचं (फर्नचं) घर, आणि सगळ्यात वर तोडा लोकांच्या वस्तीकडे जाणारी चढण. बहुतेक लोक फाटकातून आत येतात आणि खालच्या हिरवळीवरच रेंगाळतात. तुम्ही उलटं करा. सकाळी थेट वर चढा आणि फोटो काढत काढत खाली या. गर्दी वर येईपर्यंत वरचं काम झालेलं असेल आणि चढण थंड हवेत संपेल. बॅग चार किलोच्या आत ठेवा. तुमच्या दोन लेन्स, एक पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर), दोन बॅटऱ्या आणि एक छोटा डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) एवढं पुरे.

साधारण दहा ते तीनच्या उन्हात उघड्यावरच्या फुलांचे फोटो चांगले येत नाहीत. एवढ्या उंचीवर ऊन तीव्र असतं आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. हा वेळ काचघर, नेचे आणि झाडांच्या साली यांना द्या. पेपरबार्कच्या झाडाची साल कागदासारखी सुटते. तिच्यावर बाजूने ऊन पडलं की थरन्‌थर दिसतो, समोरून पडलं तर ती सपाट दिसते. मंकी पझलच्या झाडाच्या फांद्या खालून आकाशाच्या पार्श्वभूमीवर घ्याल तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा, नाहीतर काटेरी पानांचा नुसता काळा आकार येईल. हिरवळीजवळ सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचं दगड झालेलं खोड ठेवलेलं आहे. त्याच्या फोटोत मोजमापासाठी काहीतरी ठेवा, नाहीतर आकाराचा अंदाजच येत नाही.

मे महिन्यात उद्यानात पुष्प प्रदर्शन भरतं. वाफे भरगच्च असतात, पण त्या दिवसांत माणूस नसलेली चौकट मिळणं कठीण. प्रदर्शनाच्या तारखा टाळा किंवा फक्त जवळून काढायचे फोटो काढायचे असं ठरवून जा. दुपारनंतर वळीव येऊ शकतो. तो आला की छत्री उघडून तिथेच थांबा. पाऊस थांबल्यानंतरच्या अर्ध्या तासात ढगाळ, मऊ उजेड असतो आणि पानांचा रंग खुलतो. फक्त ओल्या पानांवर चकाकी येते, तेव्हा पोलरायझर फिरवून ती कापा. पोलरायझरमुळे दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, त्या प्रमाणात वाढवा.

काचघरात शिरलो की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा येते. काय करावं? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

पुसू नका. थंड काचेवर उबदार, दमट हवेतलं पाणी बसतं, आणि काच गरम होईपर्यंत ते बसतच राहणार. पुसताना धूळही घासली जाते. आत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत ठेवून चेन लावा. आत गेल्यावर बॅग १५-२० मिनिटं तशीच बंद राहू द्या. तेवढ्यात नुसत्या डोळ्यांनी फिरून कुठले फोटो काढायचे ते ठरवा. आत लेन्स बदलायची नाही, कारण मग वाफ सेन्सरपर्यंत जाते. एसी लावलेल्या गाडीतून पावसाळी आंबोलीत उतरलात तरी हेच घडतं. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि बॅग डिकीत ठेवा.

मॅक्रोत अर्धं फूल स्पष्ट आणि अर्धं धूसर येतं. म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/२२ केलं, तर आता सगळंच मऊ दिसतंय. लेन्समध्ये दोष आहे का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

लेन्स चांगली आहे. हा प्रकाशाच्या नियमांचा परिणाम आहे. मॅक्रो लेन्स १:१ वर, म्हणजे फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराइतकं पडेल इतक्या जवळ नेली, तर क्रॉप सेन्सरवर एफ/८ ला स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड असतो. एफ/११ ला तो ०.९ च्या आसपास जातो. एफ/२२ ला तो दीड मिलिमीटरच्या पुढे जातो खरा, पण इतक्या जवळ लेन्सचं प्रत्यक्ष छिद्र एफ/४४ सारखं वागतं. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो मऊ होतो. म्हणून एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जायचं नाही.

यावर तीन उपाय आहेत, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा.

आधी मागे या. सगळं फूल चौकटीत मावतं तेवढ्याच अंतरावरून, म्हणजे १:३ किंवा १:४ वर फोटो काढलात तर थर पुष्कळ जाड होतो. वनस्पतीच्या ओळखीसाठी बहुतेक वेळा एवढं पुरतं. १:१ फक्त परागकोश, लव, पानाखालचे ठिपके यांच्यासाठी ठेवा.

मग सेन्सर फुलाच्या पसरलेल्या बाजूशी समांतर करा. पाकळ्या ज्या पातळीत उघडल्या आहेत, कॅमेऱ्याची पाठ त्याच पातळीत हवी. किंचित वाकडी धरली तरी एक बाजू धूसर जाते. पत्रांसोबत येणाऱ्या फोटोंत ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही.

तरीही खोली पुरत नसेल तर फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो सॉफ्टवेअरने जोडा. सहा मिलिमीटर खोल फूल १:१ वर आणि एफ/८ ला घ्यायचं असेल तर दर ०.४५ मिलिमीटरला एक या हिशोबाने १४ ते १५ फोटो लागतात. प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग आधीच्या फोटोतल्या स्पष्ट भागावर थोडा चढला पाहिजे. ही साखळी तुटली की जोडलेल्या फोटोत मधेच धूसर पट्टा येतो. मॅन्युअल एक्स्पोजर आणि ठरावीक व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची दुरुस्ती) ठेवा, नाहीतर उजेड फोटोगणिक बदलतो. वारा असेल तर स्टॅकिंगचा हट्ट सोडा. देठ हलला की पाकळीला दोन कडा येतात आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते निस्तरू शकत नाही.

वाऱ्यात शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा कमी नको. एका हातात डिफ्यूजर वाऱ्याच्या बाजूला आडवा धरला की उजेड मऊ होतो आणि वाराही अडतो. भरतकामाच्या रिंगणात ट्रेसिंग पेपर ताणून बसवला तर ३० रुपयांत उत्तम डिफ्यूजर होतो. फ्लॅश वापरायचा असेल तर त्यावरही पातळ पांढरं आवरण हवं. फ्लॅशच्या फोटोत मागचं सगळं काळं येतं, कारण त्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. आयएसओ २०० वरून ८०० वर नेऊन फ्लॅशची ताकद तेवढीच कमी करा, म्हणजे मागची हिरवळ परत दिसू लागेल.

लाल फुलं मोबाइलवर आणि कॅमेऱ्यातही नुसत्या लाल डागासारखी येतात. पाकळ्यांच्या शिरा दिसत नाहीत. – एक वाचक, निपाणी

कॅमेरा एकूण उजेड मोजतो. लाल फुलाभोवती गर्द हिरवी पानं असली की तो फोटो उजळ करतो, आणि सेन्सरचा लाल रंगाचा भाग काठोकाठ भरून वाहतो. तिथला तपशील गेला की तो नंतर परत आणता येत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) दाखवायची सोय असते, ती चालू करा. पांढरा आलेख ठीक दिसत असला तरी लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला असू शकतो. तो सुटेपर्यंत एक्स्पोजर कमी करा. बहुतेक वेळा −०.७ ते −१ पुरतं. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्या आणि कॅमेऱ्यातला 'व्हिव्हिड' प्रकार बंद ठेवा. मोबाइलवर फुलावर बोट टेकवून धरा, फोकस कुलूपबंद झाला की सूर्याची खूण खाली ओढा.

जांभळ्या-निळ्या फुलांचा घोटाळा वेगळा आहे. तिथे चूक बहुधा ऑटो व्हाइट बॅलन्सची असते. झाडाखालच्या सावलीत वरून निळ्या आकाशाचा आणि बाजूने हिरव्या पानांचा उजेड येतो. कॅमेरा अंदाजाने दुरुस्ती करतो, आणि तेच फूल एका फोटोत निळं, दुसऱ्यात गुलाबी येतं. फुलाच्या शेजारी करडं कार्ड धरून एक फोटो काढा आणि नंतर सगळी मालिका त्यावरून सुधारा. कार्ड नसेल तर साध्या पांढऱ्या, चकाकी नसलेल्या कागदावरही चालून जातं.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्याचा मॅक्रो मोड वापरला की फुलावर मोबाइलचीच सावली पडते. – एक वाचक, येळ्ळूर

बहुतेक मोबाइलमध्ये मॅक्रो मोड चालू केला की रुंद कोनाची लेन्स वापरली जाते, आणि ती फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावी लागते. त्यामुळे सावली पडते, किडे उडून जातात आणि जवळची पाकळी वाजवीपेक्षा मोठी दिसते. मॅक्रो बंद करा, २x किंवा ३x निवडा आणि हातभर अंतरावरून घ्या. चौकट नंतर कापता येते. हाच मॅक्रो मोड नेच्याच्या पानाखालच्या बीजाणूंसाठी मात्र उत्तम, कारण तिथे पान हलक्या हाताने उलटून उजेडाकडे धरता येतं. पान तोडायचं नाही.

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकते. गेल्या वर्षी सहलीहून चारशे फोटो आणले. आता निम्म्या झाडांची नावं लागत नाहीत. यंदा काय वेगळं करू? – एक वाचक, बेळगाव

चारशे झाडांचा एकेक फोटो आणण्यापेक्षा चाळीस झाडांचे दहा-दहा फोटो आणा. वनस्पती उद्यानाचं खरं मोल तिथल्या पाट्यांत आहे. झाड आणि त्याचं शास्त्रीय नाव शेजारी शेजारी दिसतं, हे रानात कुठेच मिळत नाही. ते सोडून नुसती सुंदर फुलं टिपली तर ती कुठल्याही नर्सरीतही मिळाली असती.

प्रत्येक झाडाची मालिका पाटीपासून सुरू करा. पाटीचा फोटो पहिला, म्हणजे पुढचे सगळे फोटो कोणाचे हे तारीख-वेळेच्या क्रमानेच कळतं. मग संपूर्ण झाड, शेजारी मापासाठी माणूस किंवा छत्री. मग फांदी, जिच्यावर पानं समोरासमोर आहेत की आळीपाळीने, ते दिसलं पाहिजे. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू. देठाचा तळ, कारण तिथली उपपर्णं आणि ग्रंथी कुल (फॅमिली) ओळखायला फार कामी येतात आणि नेमक्या त्याच कोणी टिपत नाही. फूल समोरून आणि बाजूने. बाजूचा फोटो नसेल तर फुलाखालची बाह्यदलं आणि बीजांडकोशाची जागा कळत नाही, आणि ओळख तिथेच अडते. शक्य असेल तर फळ, आणि शेवटी साल. नेच्यांमध्ये पानाखालचे बीजाणूंचे ठिपके कशा रचनेत आहेत त्याचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. तो नसेल तर बाकीचे सगळे फोटो असूनही ओळख पक्की होत नाही. मोजपट्टी म्हणून १५ सेंटिमीटरची शाळकरी पट्टी खिशात ठेवा.

पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वाफ्यातलं झाड मरतं आणि पाटी मागे राहते, किंवा शेजारचं झुडूप वाढून पाटीवर पसरतं. पाटीवरचं कुल आणि समोरची पानं-फुलं जुळतात का, ते तिथेच पाहा. शंका आली तर तसं टिपणात लिहा. आयनॅचरलिस्टवर (वनस्पती-प्राण्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) हे फोटो टाकणार असाल तर 'लागवडीतलं' ही खूण करा. नाहीतर नकाशावर दक्षिण अमेरिकेचं झाड नीलगिरीत रानटी उगवलेलं दिसेल आणि पुढे कोणीतरी ते खरं मानून चालेल.

निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिनिटभरही न चुकता जुळवा. मोबाइलवर आवाजात टिपण करायचं असेल तर ते पुढे वेळेवरूनच जोडावं लागतं. सराव इथेच करून पाहा. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत दोन सकाळी दहा झाडांची अशी मालिका काढलीत, तर कुठला फोटो तुमच्याकडून सुटतो ते कळेल. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची लीड बोटॅनिकल गार्डनही जवळ आहे. महाविद्यालयाचं पत्र घेऊन गेलात तर उत्तम.

उटीला नीलकुरिंजी दिसेल का? – एक वाचक, खानापूर

यंदा नाही. ती बारा वर्षांनी फुलते. २००६ आणि २०१८ ला फुलली, पुढचा मोठा बहर २०३० ला अपेक्षित आहे. आपली कारवी तिच्याच स्ट्रोबिलँथस प्रजातीतली, साधारण आठ वर्षांनी फुलणारी. बहर नसताना कारवीच्या पानांचे आणि पेरांचे फोटो काढून ठेवा. बहराच्या वर्षी सगळे फुलांचेच काढतात.

उंचावर यूव्ही फिल्टर लागतोच का? – एक वाचक, निपाणी

नाही. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. स्वस्त फिल्टरने उलट काचेच्या आत परावर्तनं होतात आणि उजेडाकडे तोंड केलं की फोटोवर पांढुरका पडदा येतो. लेन्सचं रक्षण करायला हूड पुरतो. दूरच्या डोंगरांवरचा धुरकटपणा फिल्टरने जात नाही, तो सकाळी लवकर गेल्यानेच कमी दिसतो.

पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातही बुरशी येते. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागले आहेत. तांदळाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का? – एक वाचक, जांबोटी

तांदळात ठेवू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची भुकटी झूमच्या कड्यांत शिरते. तंतू दिसत असलेली लेन्स आधी बाकीच्यांपासून वेगळी करा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या. बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. उशीर झाला तर बुरशी साफ होईल, पण तिचा डाग राहील. लेन्स उन्हात ठेवल्याने आतले तंतू निघत नाहीत, आणि काचा जोडणारा चिकट थर मात्र बिघडू शकतो.

बाकीच्या सामानासाठी रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा १०-१२ लिटरचा प्लॅस्टिक डबा घ्या. त्यात २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर सतत राहिला तर बुरशीला आमंत्रण, आणि ३० च्या खाली गेला तर रबराचे भाग कोरडे पडतात. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ते ओल धरली की हिरवं होतं. निळं जेल टाळा, त्यातलं कोबाल्टचं क्षार विषारी असतं. हिरवं झालेलं जेल स्वयंपाकाला न वापरायच्या कढईत मंद आचेवर, रंग परत येईपर्यंत हलवत राहा. आच वाढवली की दाणे काळे पडून निकामी होतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दर दहा-पंधरा दिवसांनी हे करावं लागतं. आंबोलीहून भिजून आलात तर कॅमेरा लगेच डब्यात कोंबू नका. आधी बाहेरून पुसून, बॅटरी आणि कार्ड काढून, पंख्याखाली दोन तास ठेवा. ओली बॅग डब्याच्या जवळही नको.

उद्यानात ट्रायपॉड आणि ड्रोन चालतो का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नका. ट्रायपॉड आणि व्हिडिओला सरकारी उद्यानांत बहुधा वेगळं शुल्क असतं. तिकीट काढतानाच विचारा आणि पावती खिशात ठेवा. परवानगी मिळाली तरी गर्दीच्या अरुंद वाटांवर ट्रायपॉड उघडू नका. बीन बॅगमध्ये (कॅमेरा टेकवायच्या छोट्या पिशवीत) घरचेच अर्धा किलो राजमे भरून नेले तर कठड्यावर, जमिनीवर, बाकाच्या पाठीवर, कुठेही कॅमेरा स्थिर बसतो. पावसात ते भिजू देऊ नका, राजमे फुगून शिवण उसवते.